फुली मारलेल्या धावपट्टीवर उतरावं का?

प्रश्न : नुकतीच इंग्लंडला लेकीकडे राहून आले. तिच्या गावाबाहेर गवताची छोटी धावपट्टी आहे. पूर्वी तिथे दोन आसनांची हलकी विमानं उतरायची. आता ती बंद झालीय, मधोमध मोठी पांढरी फुली मारलीय. जावई अशी विमानं चालवायला शिकतोय. तो म्हणतो, ‘इंजिन बंद पडलंच तर ही जागा आहेच.’ खरंच उतरता येईल? आणि आपल्या मुरबाड-शहापूरकडे अशा धावपट्ट्या का नाहीत?
— एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, जावईबापूंना आधी सांगा, त्या जागेच्या भरवशावर राहू नका.

पांढऱ्या फुलीचा अर्थ जगभर एकच, धावपट्टी बंद. माझी सगळी नोकरी सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानांच्या चाकांशी गेली, म्हणून चाकांचंच सांगतो. आपल्याकडे ज्याला मायक्रोलाइट म्हणतात, त्या विमानाचं वजन माणसं आणि इंधन धरून 450 किलोच्या आत असतं. पुढचं चाक स्कूटरच्या चाकाहूनही लहान. ते सशाच्या बिळात गेलं की चाकाचा दांडा मोडतो आणि विमान नाकावर आपटतं. धावपट्टी चालू असते तेव्हा कोणीतरी ती पायी फिरून बघतं, बिळं बुजवतं, गवत कापतं, रोलर फिरवतं. बंद झाली म्हणजे हे सगळं थांबलं. वरून मात्र ती पूर्वीसारखीच हिरवीगार दिसते, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

चांगल्या राखलेल्या गवताचाही हिशेब असतो. जमीन घट्ट आणि गवत आखूड असेल तरी, कोरड्या गवतावरून उडताना लागणारं अंतर 20 टक्के जास्त धरा, ओल्या गवतावर 30 टक्के, असं ब्रिटनचं विमान वाहतूक प्राधिकरण सांगतं. ओल्या गवतावर उतरताना तर 35 टक्के, कारण चाकं घसरतात. म्हणजे डांबरावर ज्याला 200 मीटर पुरतात, त्याला तिथे 270 लागतील. गुडघाभर गवतासाठी हे आकडे नाहीतच. मला विचाराल तर त्यापेक्षा नुकतीच कापणी झालेलं शेत बरं. चर, खड्डा निदान दिसतो तरी.

आता आपल्याकडचं. पहिली अडचण पावसाची. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ती जागा म्हणजे समुद्रालगतची मोकळी जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. मग टाटांनी विमानं, वैमानिक, मेकॅनिक सगळं उचलून पुण्याला नेलं आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून काम चालवलं. मुरबाड-शहापूरला समुद्र नाही, पण पाऊस तसाच धो धो, आणि जिथे जमीन सपाट तिथे भातखाचरं आणि बांध. शिवाय 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं उडू लागलीत, त्यामुळे या भागात छोट्या विमानाला परवानगीचा व्यापही मोठा. तरी शहापूरकडे एखादी धावपट्टी व्हावी असं मला मनापासून वाटतं. पोरांना विमान जवळून बघायला मिळेल. फक्त ती बारा महिने राखणारा माणूस आधी ठरवावा, जागा नंतर शोधावी.

जावईबापूंनी शेतमालकाला विचारून ती पट्टी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यावी. आणि प्रत्येक उड्डाणात प्रशिक्षकाला विचारावं, ‘आत्ता इंजिन बंद पडलं तर कुठलं शेत?’