इंग्लंडमध्ये घराच्या ऊर्जा-दाखल्यावरून 'इंधन-गरीब' कुटुंबं कशी शोधतात?

तिथे घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा-दाखला लागतो, म्हणजे घर ऊर्जा किती काटकसरीने वापरतं ते सांगणारा दाखला. ए (सर्वांत चांगली) ते जी (सर्वांत वाईट) श्रेणी, मुदत 10 वर्षं. 'इंधन-गरीब'ची 2021 पासूनची व्याख्या अशी: घर डी किंवा त्याखालच्या श्रेणीत, आणि ऊर्जेचा खर्च वजा जाता उरणारं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली. म्हणून दाखले आणि उत्पन्नाचे आकडे जोडून पाहिले की भिंती-छताच्या इन्सुलेशनची मदत आधी कोणत्या गल्लीत न्यायची, ते कळतं.

खरी गोची पुढेच आहे. एखादं म्हातारं जोडपं चाळीस वर्षं त्याच घरात असेल, तर बहुधा दाखलाच नसतो! शिवाय दाखला ठरावीक वापर गृहीत धरून काढतात. बिलाच्या धास्तीने हीटर बंद ठेवून कुडकुडत बसणारा माणूस त्यात दिसत नाही. त्याला दार ठोठावूनच शोधावं लागतं.