इंटिग्रेशन मॅनेजरची जागा घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की ऐरोलीच्या कंपनीत बरीच वर्षं जावा प्रोग्रॅमिंग केल्यावर आता सिस्टिम्स इंटिग्रेशन मॅनेजरची, म्हणजे वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडून चालती ठेवायची, जागा मिळतेय, तर घ्यावी का, आणि त्याआधी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) करावं की क्लाउडचं सर्टिफिकेट. सर्टिफिकेटचं आधी उरकतो. पीएमपीने बायोडेटा पुढे सरकतो, क्लाउडचं शिकलेलं रोज उपयोगी पडतं. पण या जागेवर टिकायला दोन्ही पुरत नाहीत.

इथे प्रत्येक टीम आपापल्या सिस्टिमपुरतं बघते. एसएपी, म्हणजे कंपनीच्या ऑर्डरी आणि बिलं ज्यात बनतात ते सॉफ्टवेअर, सांभाळणारे म्हणतात, "आमच्याकडून गेलंय." गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळणारे म्हणतात, "आमच्याकडे आलंच नाही." बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. मधे काय झालं, याचं उत्तर तुमच्याकडे मागितलं जाणार.

एक प्रसंग सांगतो. मानकोलीच्या एका गोदामातून माल निघायचा होता. एसएपीत बिल बनलं, मिडलवेअरने, म्हणजे दोन सिस्टिममधे निरोप पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ते आयआरएनसाठी (बिलाच्या सरकारी नोंदणीच्या नंबरासाठी) सरकारच्या ई-इनव्हॉइस पोर्टलकडे पाठवलं. पोर्टलने आयआरएन दिला, पण उत्तर उशिरा आलं. तोवर मिडलवेअरची उत्तरासाठी थांबायची मुदत संपून (टाइमआउट) तेच बिल दुसऱ्यांदा गेलं होतं. आयआरएन ठरतो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा नंबर यांवरून. म्हणून तेच बिल परत गेलं की पोर्टल २१५० नंबरचा एरर देतं: डुप्लिकेट आयआरएन. मिडलवेअरने तो 'फेल' म्हणून नोंदवला. सरकारदरबारी बिल पक्कं, कंपनीच्या दप्तरी नापास, माल रस्त्यावर न्यायला लागणारं ई-वे बिल अडकलेलं, आणि भरलेली गाडी गेटवर उभी.

घाईत कुणीतरी सुचवलं की एसएपीतलं बिल रद्द करा, नव्या नंबरने काढा. तसं केलं असतं तर पहिला आयआरएन चालूच राहिला असता आणि एकाच मालाची दोन बिलं जीएसटीत दिसली असती. खरा उपाय साधा होता. २१५० आला की अपयश धरायचं नाही, बिलाच्या तपशिलावरून आधीचा आयआरएन मागवून घ्यायचा. कोड दुपारभराचा. पण आधी टॅक्स, अकाउंट्स, गोदाम आणि मिडलवेअरचा व्हेंडर यांना एका टेबलाशी बसवून नियम ठरवावा लागला, आणि तो कुणी सांभाळायचा हेही. मॅनेजरचं काम ते.

यात तुमचं जावा वाया जात नाही. एक ऑर्डर पहिल्या सिस्टिमपासून शेवटच्या लॉगपर्यंत स्वतः शोधता आली पाहिजे, नाहीतर व्हेंडर सांगेल ते ऐकावं लागतं. तोच मेसेज दोनदा आला तरी नोंद एकदाच व्हावी, हे डिझाइनमध्येच मागून घ्या. रोज संध्याकाळी दोन्हीकडच्या आकड्यांचा ताळमेळ लावणारा रिपोर्ट पहिल्या दिवसापासून हवा. तो "नंतर बघू" म्हणून मागे पडतो आणि महिनाअखेरीला अकाउंट्सवाले रात्री थांबतात, याची मला खरोखर चीड येते.

इंटरफेसच्या दस्तऐवजात फील्डचं नाव आणि लांबी असतेच, पण एकक, तारीख कुठल्या टाइमझोनची, रिकामं आलं तर काय धरायचं, हेही लिहून घ्या. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ साली मंगळाजवळ गमावलं गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंड-फोर्स सेकंदात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन सेकंद समजत होती. आपल्याकडे तोच घोटाळा नग आणि पेटीत होतो: एक सिस्टिम नग मोजते, दुसरी तोच आकडा पेट्यांचा समजते.

सगळ्यात अवघड भाग माणसांचा. या टीम तुमच्या हाताखाली नसतात, त्यांचं अप्रेझल तुम्ही लिहीत नाही. गोदामाच्या सुपरवायझरशी त्याच्या जागेवर जाऊन बोला, स्कॅनर हातात घेऊन बघा. मीटिंगमध्ये न कळणाऱ्या गोष्टी तिथे दहा मिनिटांत कळतात.

जागा घेण्याआधी कंपनीला दोन गोष्टी विचारा. नव्या सिस्टिमची तालीम नीट झाली नाही तर गो-लाइव्ह, म्हणजे ती प्रत्यक्ष सुरू करणं, थांबवायचा अधिकार माझा का? आणि रात्री दोन वाजता जुन्या सिस्टिमवर मागे फिरायची वेळ आली तर निर्णय कुणाचा? दोन्हींचं उत्तर मेलवर मिळालं तर जरूर घ्या. नुसतं "बघू, मिळून ठरवू" असं आलं, तर जबाबदारी तुमची आणि निर्णय दुसऱ्याचा असं होईल. तशी जागा मी घेणार नाही.