रॅली निघते तेव्हा टोळ्या फडात असतात

प्रश्न : मी शहादा तालुक्यात बचत गटांच्या प्रभाग संघाची सचिव आहे. आमच्याकडे एचआयव्हीवर काम करणाऱ्या तीन-चार संस्था आहेत, पण १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, प्रत्येकीची रॅली वेगळी, बॅनर वेगळा. यंदा सगळ्यांची मिळून एक आघाडी करावी असं आमच्या मनात आहे. उद्घाटनाला एचआयव्हीसह जगणाऱ्या एका ताईंना व्यासपीठावर बसवायचं चाललंय. सुरुवात कशी करावी? काही जणी तर आत्ताच म्हणतात, ‘आमले कोन इचारस?’ त्यांना काय सांगू?

उत्तर : ताई, आधी त्या व्यासपीठाचं बोलू. त्या बाईंना तुम्ही विचारलंत, की परस्परच ठरवलंत? शहाद्याच्या बाजारात एकदा चेहरा ओळखीचा झाला की गोष्ट तिच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत जाते. आपली लागण उघड कर म्हणून कुणावर जबरदस्ती करता येत नाही, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाच सांगतो. आपणहून बोलणारी माणसं आहेत आणि त्यांच्या धाडसाला तोड नाही. पण हार घालायला कुणीतरी हवं म्हणून एखादीला खुर्चीत बसवू नका. तिला खुर्ची द्यायचीच असेल तर बैठकीत द्या, जिथे निर्णय होतात तिथे. आणि एकटीला नको, निदान दोघी-तिघी असू द्या. एकटं माणूस दहा कार्यकर्त्यांपुढे ‘हो’च म्हणतं.

आता आघाडीचं. मी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात बरीच वर्षं समुपदेशक होते. संस्था एकत्र येताना पाहिल्या आणि लेटरहेडवर कुणाचं नाव वर यावं यावरून फाटतानाही पाहिल्या. टिकल्या त्या एखादं नेमकं काम हातात घेतलेल्या. तुमच्या तालुक्यात असं काम शोधायला लांब जायला नको. दिवाळी झाली की टोळ्या बारडोलीकडे ऊसतोडीला निघतात. म्हणजे १ डिसेंबरला तुमची रॅली निघते तेव्हा जिच्यासाठी ती काढली, ती बाई गुजरातेत फडावर मोळ्या बांधत असते. तिच्याकडे गोळ्या किती दिवसांच्या आहेत, हे रॅलीत कुणाला ठाऊक असतं?

माझ्याकडे येणारी एक बाई गोळ्यांच्या डबीत वरून कापूस कोंबायची. का, तर पत्र्याच्या पेटीत डबी खुळखुळली की झोपडीतल्या बाकीच्या विचारतात, कसल्या गोळ्या गं? घरचाच कापूस, सरकी काढलेला. गोळी तिने कधी चुकवली नाही. पण साठा संपला की गावी येऊन जायचं म्हणजे मुकादमाकडे सुट्टी मागायची, आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना. तो कारण विचारणार. मग ती काय सांगणार?

खरं तर सोय आहे. तब्येत स्थिर असेल तर एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या देणारं सरकारी केंद्र, एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या देऊ शकतं. जास्त दिवस जायचं असेल तर दुसऱ्या केंद्रावर उपचार घेण्यासाठी बदलीचं पत्र मिळतं. वाटेत अडलंच तर उपचारांच्या नोंदीची हिरवी पुस्तिका दाखवून दुसऱ्या राज्यातल्या केंद्रावरही औषध मागता येतं. हे टोळी निघण्याआधी तिच्या कानावर जायला हवं, आणि टोळी कधी निघणार हे केंद्राला कळायला हवं. हा दुवा एकट्या संस्थेच्या आवाक्यातला नाही. मुकादमाशी बोलायला मजुरांची संघटना लागते, गावातल्या तारखा तुमच्या गटातल्या बायकांना आणि आशाताईंना माहीत असतात, गोळ्या केंद्राच्या हातात, आणि जिल्हा एड्स नियंत्रण कक्षाकडून पत्र निघाल्याशिवाय कागद हलत नाही. ही झाली तुमची आघाडी. नाव नंतर ठेवा.

टोळी निघण्याआधी गावात सगळ्यांचीच तपासणी ठेवा. बीपी, साखर, क्षय, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल तर हवीच. एचआयव्हीची चाचणी ज्याची संमती असेल त्याचीच, आधी समुपदेशन करून, वेगळ्या खोलीत. सगळं गाव रांगेत असलं की कोण कशासाठी आलं याचा माग कुणी काढत नाही. मुकादमालाही यात आपला फायदा दिसतो, मजूर धडधाकट राहिला तर त्यालाच बरं. एवढा स्वार्थ त्याला जरूर दाखवा, पण नावांची यादी त्याच्या हाती लागू देऊ नका. कितीही गोड बोलला तरी.

बैठक आठवडे बाजाराच्या दिवशी घ्या. पिशवी हातात असली की कुठे चाललीस हे कुणी विचारत नाही. दवाखान्याच्या आवारात नको. येणारीचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी द्या. पगारी कार्यकर्ते फुकट यायला सांगतात तेव्हा मला राग येतो. पैसा एकत्र करायची घाई नको. पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेने आपापला खर्च उचलावा आणि इतिवृत्ताची वही पाळीपाळीने एकेकीकडे ठेवावी. संयुक्त बँक खातं काढलं की निम्मी बैठक सह्या कुणाच्या यावर जाते.

राहिला ‘आमले कोन इचारस’चा प्रश्न. लहान मुलांसाठीच्या नेव्हिरापीन या एचआयव्हीवरच्या सिरपच्या पेटंटला एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या दोन नेटवर्कनी विरोध नोंदवला आणि २००८ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यातलं एक नेटवर्क निव्वळ बायकांचं होतं. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला तेव्हा दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, दारात धरणं धरून बसले तेही गोळ्या खाणारेच. १ एप्रिल २००४ पासून सरकार या गोळ्या फुकट देतं, पण त्या वेळेवर याव्यात म्हणून आजही दार ठोठवावं लागतं. तुमच्या बायकांना एवढं सांगा आणि नवरात्राच्या आधी पहिली बैठक लावा. दिवाळीनंतर गावात कोणी सापडायचं नाही.

प्रश्न : मी चाळीसगावचा, नुकतीच वकिली सुरू केली आहे. अशा कामात माझा काही उपयोग होईल का? — एक तरुण वाचक

उत्तर : होईल, आणि भाषण करायला लागणार नाही. वर सांगितलेला कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभावाला मनाई आहे, पण तक्रार लिहून कोण देणार? आई-वडील गेलेल्या घरात बारा वर्षं पूर्ण केलेलं, घर सांभाळण्याची समज असलेलं मोठं भावंड धाकट्यांचं पालक होऊ शकतं, अशी तरतूद या कायद्यात आहे. ती किती जणांना माहीत आहे, आपल्या बार रूममध्ये विचारून बघा. आणि संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज. उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतात, किंवा टेबलावर उघडे पडून राहतात आणि शेजारचा येऊन वाचतो. पाकीट बंद करून, पोच घेऊन अर्ज दाखल करणारा कुणीतरी हवा आहे. बाजाराच्या दिवशी दोन तास तिथल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या नेटवर्कच्या लोकांसोबत बसा. फी घेऊ नका, टायपिंगचीसुद्धा.