देशभर एकच प्रवेशपरीक्षा असावी की प्रत्येक विद्यापीठाने आपली वेगळी घ्यावी?

तुम्ही विचारलेल्या दोन्ही पद्धती मी घरात पाहिल्या आहेत. मी गोव्यातल्या वाळपईचा. थोरल्या मुलीने बारावीनंतर मेडिकलसाठी धडपड केली ती 2012 साली, धाकट्याने 2021 साली.

थोरलीच्या वेळी गोव्याची प्रवेशपरीक्षा सीईटी वेगळी, देशपातळीवरची एआयपीएमटी वेगळी. एम्स, जिपमर, वेल्लोर, मणिपाल या सगळ्या मेडिकल कॉलेजांच्याही आपापल्या परीक्षा. प्रत्येकाचा फॉर्म, प्रत्येकाची फी. एका परीक्षेसाठी चोर्ला घाटातून बेळगाव गाठलं, दुसरीसाठी थिवीहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथे लॉजवर मुक्काम. तीन फॉर्म भरले आणि थांबलो, पुढचं झेपण्यासारखं नव्हतं. तिच्या वर्गात सात-सात फॉर्म भरणारी मुलंही होती. म्हणजे गुणांच्या आधी पैशांची चाळणी लागली. तिने पुढे फार्मसी केली.

धाकट्याने ‘नीट’ ही मेडिकलची देशभरची एकच परीक्षा दिली, तीही गोव्यातच. एम्स आणि जिपमरच्या वेगळ्या परीक्षा 2020 पासून बंद झाल्या आहेत. बांबोळीच्या जीएमसीतल्या (गोवा मेडिकल कॉलेज) राज्याच्या 85 टक्के जागा असोत की अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के, नीटचाच निकाल चालतो. म्हणून मेडिकलपुरतं माझं मत ठाम आहे: परीक्षा एकच हवी.

पण तिचा सगळा भार एका दिवसावर नको. त्या दिवशी ताप आला की वर्ष गेलं. इंजिनीअरिंगची जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा देता येते, तशी सोय नीटलाही हवी. शिवाय 2024 मध्ये पेपर फुटला पाटणा-हजारीबागकडे, आणि जीव टांगणीला लागला देशभरच्या 23 लाख मुलांचा. आणखी एक खंत आहे. नीटचा पेपर 13 भाषांत निघतो, त्यात आपली मराठी आहे, कोकणी नाही.

सगळ्याच विषयांना मात्र हे लागू करू नका. माझ्या भाचीला एम.ए. मराठी करायचं आहे. चार पर्यायांतल्या एकावर खूण करून तिला कविता किती कळते, हे कसं समजणार? तिथे विद्यापीठानेच पेपर काढावा, दोन पानं लिहून घ्यावीत, समोर बसवून बोलावं. खर्चाची अडचणही तिथे येत नाही: वाळपईहून पणजी, पणजीहून ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, आणि संध्याकाळी परत घरी.