बॉर्डर कॉली हे कुत्रं मूळचं कुठलं? साक्रीकडे (धुळे) मेंढ्यांच्या वाड्यावर चालेल का? लांडग्याचा त्रास आहे.

भाऊ, मेंढ्या वळवायला चालेल, राखणीला नाही. लांडग्याचा त्रास आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आधीच सांगतो.

हे कुत्रं इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतलं. तिकडे मेंढ्या डोंगरावर मोकळ्या चरतात आणि लांडगे तर कित्येक पिढ्यांपूर्वीच संपले. मेंढपाळाची खरी अडचण म्हणजे पांगलेला कळप खाली आणायचा कसा. १८९३ साली त्याच सीमेलगतच्या नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा, पण नजरेत जरब कमी. आई मेग बुजरी, पण नजर कडक. हेम्पमध्ये दोघांचा मेळ बसला. भुंकणं-चावणं नाही. अंग चोरून, रोखून बघायचा आणि मेंढ्या आपोआप सरकायच्या. १९०१ मध्ये तो मेला, पण आजच्या जवळपास सगळ्या बॉर्डर कॉली त्याच्याच वंशातल्या.

वेल्समधल्या बाला गावी १८७३ पासून कळप हाकायच्या शर्यती होत होत्या. १९०६ मध्ये अशा कुत्र्यांसाठी मेंढपाळांची संस्था निघाली. कित्येक वर्षं पैदाशीसाठी कुत्रं निवडलं जायचं ते काम बघून, रूप बघून नाही. (आता पिल्लं रंगावर विकतात, ते सोडा.)

आता खरी गोष्ट. दबा धरणं, लांबून वळसा घालणं, नजर रोखणं ही लांडग्याचीच शिकारीची रीत. फक्त शेवटची झडप पिढ्यानपिढ्या निवड करून दाबलेली. मेंढ्या त्याला भिऊनच हलतात. आपल्याकडे ठेलारींच्या (मेंढ्या पाळणारा समाज) वाड्यावरची कुत्री नेमकी उलटी. ती पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढतात, कळपाला आपलं मानतात आणि रात्री अनोळखी वास आला की अंगावर धावून जातात. कॉली मालकाच्या शिट्टीवर चालते. मालक झोपला की तिचं काम संपलं.

त्यात तिचा दाट केसाळ कोट आणि आपला मे महिना, पारा ४५ च्या घरात. दुपारी तिला पळवाल तर जीव जाईल. शिवाय आपल्या मेंढ्या हाकेवर, शिट्टीवर माणसामागे चालतात, त्यामुळे तिला वळवायचं कामही थोडंच उरतं. वाड्यासाठी ठेलारी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून पिल्लू मागा, आणि लांडग्याच्या दातापासून मान वाचावी म्हणून त्याला खिळ्यांचा पट्टा घाला.