किडनीचा छेद पावसात फुगतो तेव्हा

ताई, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून (क्विलिंगने) केलेला, मार्चमध्ये सपाट बसलेला तुमचा किडनीचा छेद, म्हणजे आतून दिसणारा काप, जुलैत मधोमध फुगून वर आला, आणि तुम्ही गोंद बदलायच्या विचारात आहात. गोंदाला दोष देऊ नका. मालवणात पावसात दार चौकटीत अडकतं ना, तेच इथे झालंय. कागद सादळला की जाड होतो. १२० जीएसएमच्या (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाच्या) कागदाच्या ३० सेंमी पट्टीच्या घट्ट गुंडाळीत साधारण २५ वेढे बसतात. प्रत्येक वेढा केसभर फुगला, आणि अशा शेकडो गुंडाळ्या बाह्यरेषेत ठासलेल्या असल्या, की मधला भाग वर येणारच.

कोरड्या दिवसांत ठासून भरणं, हीच ती चूक. मलाही तीच सगळ्यात महागात पडली. त्यात फ्रेमवाल्याने काच थेट कागदावर टेकवली, आत दमटपणा कोंडला आणि बुरशीने अख्खं काम खाल्लं. काच आणि कागद यांत निदान ५ मिमी अंतर हवंच. फ्रेमवाला 'चालतं हो' म्हणाला तरी ऐकू नका. खोल पेटीची फ्रेम मागा.

भरताना बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, शेवटी घ्या आणि त्यातल्या गुंडाळ्या बोटाने किंचित हलतील इतक्या सैल ठेवा. आतले पिरॅमिड, म्हणजे किडनीच्या आतल्या भागातले शंकूसारखे तुकडे, थेंबाच्या आकाराचे, टोक आत पेल्व्हिसकडे (लघवी गोळा होणाऱ्या मधल्या पोकळीकडे), रुंद बाजू बाहेर. हे उलटं केलेलं फार दिसतं. पट्टी कागदाच्या धाग्याच्या दिशेने, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेने बसलेले असतात त्या दिशेने, कापा. वळायला थोडी ताठ जाते, पण दमट हवेत लांबीने फारशी वाढत नाही, त्यामुळे लाटा सहसा येत नाहीत. दिशा कळत नसेल तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा: तो नळीसारखा वळतो, त्या नळीच्या लांबीची दिशा तीच धाग्याची. फेविकॉल टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच.

कागदाच्या गुंडाळ्यांतून शरीराचे छेद साकारणाऱ्या कलाकार लिसा निल्सन यांची कामं पाहून जपानी तुतीचा कागद मागवायचा मोह होतो. लांब तंतूंचा, सुंदर कागद आहे, पण सादळायचा तोही सादळतो.

आत्ताचं काम दाबून सपाट करू नका, गुंडाळ्या चेपतील. दिवाळीनंतर हवा सुकली की कॉर्टेक्समधल्या एका पट्ट्यातल्या गुंडाळ्या चिमट्याने काढा, बाकीच्या हलक्या हाताने सरकवून बसवा. हे माझ्या अनुभवापुरतं. तुमचा कागद वेगळा असेल तर आधी कोपऱ्यात करून बघा.

आणि पालथं ठेवून जुळवत असाल तर नकाशा आरशातला घ्या. समोरून पाहिलेल्या उजव्या किडनीची खाच (रक्तवाहिन्या आत शिरतात ती बाजू) बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येते.