गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळकडचं खेडं, दोन वर्षांपूर्वी घरचे सगळे विश्वासात आले, वडिलांना शुगर आहे, आणि बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं सभेत सांगितलं की खरा विश्वास असेल तर गोळ्या सोडा. वडिलांनी सोडल्या. आधीच्या मोठ्या ख्रिस्ती माणसांनी आजारपणात काय केलं आणि वडिलांना समजवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

जय ख्रिस्त, भाऊ. आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. आज संध्याकाळी वडिलांना खाटेवर बसवा आणि टॉर्च घेऊन त्यांचे दोन्ही तळपाय पाहा. बोटांच्या बेचक्यासुद्धा. फोड, चीर, काळपट डाग, ओल, काहीही दिसलं तर उद्याच्या पहिल्या एसटीनं दवाखाना गाठा. गोळ्यांचा वाद नंतर घालता येतो.

पायापासूनच का सुरुवात केली, ते सांगतो.

माझे बाबा परतवाड्याजवळ कोठाऱ्याच्या मिशन दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधायचे. कुष्ठरोग्यांचा दवाखाना. शाळा सुटली की मी तिथंच असायचो. लांब ओट्यावर सात-आठ जण पाय पाण्यात सोडून बसलेले असायचे, गप्पा शेतीच्या नाहीतर पोरीच्या सोयरिकीच्या. वीस मिनिटं पाय भिजवायचे, मग खरबडीत दगडानं जाड झालेली कातडी घासायची, मग पाय ओला असतानाच तेल. बाबा समोर पाटावर बसून एकेकाचा पाय मांडीवर घ्यायचे आणि अंगठ्यानं दाबत दाबत जायचे, बाजारात आंबा पाहतात तसे. कुठं गरम लागलं की थांबायचे. "इथं आतून जखम होऊन रायली," म्हणायचे. माणूस म्हणायचा, मले तर काईच दुखत नाई. बाबा म्हणायचे, "तेच तर."

कुष्ठानं बोटं झडतात असं आपल्याकडं लोक अजून म्हणतात. बाबांना ते खपायचं नाही. हे त्यांना दवाखान्यात ज्या माणसाच्या कामावरून शिकवलं गेलं, तो पॉल ब्रँड. १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापाच्या पोटी जन्मला. तो इंग्लंडला शिकत असताना इकडं वडील मलेरियातून उठलेल्या तापानं गेले, १९२९ साली. आता त्या प्रचारकाला विचारा, या माणसाचा विश्वास कुठं कमी पडला होता? मुलगा सर्जन झाला आणि १९४६ ला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. तिथं एक गंजलेलं कुलूप त्याच्या हातानं उघडेना, तर कुष्ठ झालेल्या एका पोरानं किल्ली खटकन फिरवून दिली. ब्रँडनं पाहिलं तर पोराचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि पोराला पत्ता नव्हता. तिथून त्याच्या लक्षात येत गेलं की मांस आपोआप सडत नाही. नसा मेल्यामुळं दुखणं कळत नाही, म्हणून माणूस भाजतो, कापतो, त्याच जखमेवर चालत राहतो. काही जणांची बोटं रात्रीतून कमी व्हायची. पहारा ठेवला तेव्हा कळलं, उंदीर कुरतडून जायचे आणि झोपलेला माणूस हलायचासुद्धा नाही. मग घरी जाणाऱ्या पेशंटसोबत मांजर द्यायची पद्धत सुरू झाली. लहानपणी मला ही गोष्ट सगळ्यात आवडायची. आमच्याही घरी मांजर होती, मी तिला डॉक्टरीण म्हणायचो.

पुढं १९६६ ला ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग दवाखान्यात गेला, आणि कुष्ठाच्या पायांवर शिकलेलं शुगरवाल्यांच्या पायांना लागू केलं. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा तशाच मरतात. डॉक्टर आज शुगरवाल्याच्या तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टोचून "कळतंय का" विचारतात आणि मऊ रबराच्या एमसीआर चपला घालायला सांगतात, तेही कुष्ठाच्या दवाखान्यांत वापरलंच जायचं.

आता माझ्या घरची गोष्ट. सांगायला जड जातं, पण तुमच्यासाठीच सांगतोय.

बाबा गेल्यावर काही वर्षांनी आईला शुगर निघाली. गोळ्या चालू होत्या, बरं होतं. एका मे महिन्यात बाजूच्या गावात तीन दिवसांची चंगाई सभा भरली, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायची सभा. घरात गोळ्या ठेवणं म्हणजे मनात शंका ठेवणं, असं स्टेजवरून सांगितलं गेलं. आईनं घरी येऊन गोळ्यांची पिशवी चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी डोक्यावर हात ठेवून घ्यायची रांग मंडपाबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत आली होती. चपला मंडपाच्या तोंडाशी. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, डांबर मऊ झालेलं. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. आई शांत उभी. मागची बाई कौतुकानं म्हणाली, "काकूचा विश्वास पाहा, चटकाबी लागत नाई." आईला ते इतकं गोड वाटलं की घरी येऊन तिनं मला ते दोनदा सांगितलं.

मलाही गोड वाटलं, हे कबूल करतो. ड्रेसरचा पोरगा मी. माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजायला हवी होती. पाचव्या दिवशी घरात वास यायला लागला तेव्हा मी तिचा पाय पाहिला. अंगठ्याजवळचं बोट काढावं लागलं. ऑपरेशननंतर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तुह्या बापानं जलमभर लोकायचे पाय पायले, अन मी माह्या पायाकडं पायलं नाई."

म्हणून तुम्ही इतिहासातला माणूस विचारल्यावर माझ्यापुढं पहिला येतो तो फादर दामियन. बेल्जियमचा कॅथोलिक धर्मगुरू. हवाई बेटांतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांना नेऊन टाकत, तिथं तो १८७३ ला आपणहून राहायला गेला. त्याच साली नॉर्वेत हान्सेननं कुष्ठाचे जंतू पाहिले, पण औषध निघायला अजून पुष्कळ वर्षं होती. दामियननं घरं बांधली, झऱ्याचं पाणी नळानं वस्तीत आणलं, जखमा बांधल्या, शवपेट्यासुद्धा स्वतः ठोकल्या. १८८४ मध्ये एकदा त्यानं थकलेले पाय गरम पाण्यात सोडले. पाणी उकळतं होतं. कातडीला फोड आले आणि त्याला कळलंच नाही. तेव्हा तो समजला की आपल्यालाही झालंय. १८८९ ला वारला, ४९ व्या वर्षी. २००९ ला चर्चनं त्याला संत म्हणून जाहीर केलं.

सोळा वर्षं रोज प्रार्थना करणारा हा माणूस बरा झाला नाही. त्याच्या तोंडावर कोण म्हणेल की तुझा विश्वास तोकडा पडला?

वडील वचन मागतील. नवा विश्वासी माणूस वचनाशिवाय ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांना बायबलातलं २ राजे, अध्याय २० वाचून दाखवा. हिज्कीया राजा मरायला टेकला होता. त्यानं भिंतीकडं तोंड करून रडत प्रार्थना केली. देवानं ऐकली, आणखी १५ वर्षं आयुष्य दिलं. आणि त्यानंतर यशया संदेष्टा काय म्हणतो? अंजिराची ढेप आणा आणि गळवावर बांधा. देवानं वचन आधीच दिलं होतं, तरी लेप लावायचाच होता. मी हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मंग मले अंजीर आनून दे." वऱ्हाडी बाई, सरळ हार मानायची नाही.

आणखी पुष्कळ आहे. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, नुसता हात ठेवला नाही. प्रेषित पौलासोबत फिरणारा लूक वैद्य होता. पौलाचा सोबती त्रफिम आजारी पडला तर पौलानं त्याला मिलेत गावात ठेवलं, खडसावलं नाही. मरून जावंसं वाटणाऱ्या एलीयाला देवदूतानं आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं. उपदेश नंतर.

एक वचन मात्र आमच्याकडं जास्तच पाठ असतं. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, ते. ज्यांना बाकीचं पत्र कुठं आहे ते माहीत नाही, त्यांनाही हे तोंडपाठ. आमच्या मंडळीतले एक काका मोहाची दारू घेऊन हेच वचन म्हणायचे. पाळकांनी एकदा शांतपणे विचारलं, "काका, 'थोडा' हा शब्द तुमच्या बायबलात छापला नाही का?" तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं तर विचारूच नका. शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं आपण उपासनेत म्हणतो आणि बाहेर पडल्यावर देवळाच्या ओट्याशीच पन्नी घोटायला लागतो. मी स्वतः अकरा वर्षं खाल्ला. आईच्या बोटाचं झालं त्या महिन्यात सोडला, एकदम नाही, दोनदा परत लागून. शुगर असलेल्यानं तंबाखू खाणं म्हणजे पायाचा रक्तपुरवठा आपल्या हातानं कमी करणं आहे. वडील खात असतील तर गोळ्यांइतकंच हेही बोला.

देवाच्या माणसाला काही होत नाही, असं कोणी म्हणालं की मला नागपूरचे स्टीफन हिस्लॉप आठवतात. ज्यांच्या नावानं कॉलेज आहे ते. १८४५ ला स्कॉटलंडहून आले, शाळा चालवली, डोंगर-नाले पालथे घालून जीवाश्म आणि खडक गोळा केले. एका खनिजाला त्यांचं नाव आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले. परत येताना पूर आलेल्या नाल्यात घोडं घातलं आणि बुडाले. अठरा वर्षं या भागात राहिलेला माणूस. आपल्याकडं दर पावसाळ्यात कोणीतरी असंच पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालतो. भक्ताला वेगळं पाणी नसतं.

पंडिता रमाबाईंचंही थोडं सांगतो, कारण त्यांचा आपल्या भागाशी संबंध येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी पोरींना, बालविधवांना पुण्याकडं केडगावला आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, त्यामुळं भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. केडगावला प्रार्थना पहाटेपासून चालायची, हे सगळे सांगतात. पण तिथं विहिरी खणल्या, शेती उभी केली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली, हे आमच्या सभांमध्ये कोणी सांगत नाही. विहीर खणण्यात टाळ्या नसतात.

आता रोजच्या वागण्याचं. गोळ्या परत सुरू करताना आपल्या मनानं जुना डोस काढून देऊ नका. मध्ये खंड पडलाय, त्यामुळं प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटी शुगर तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तसं करा. तपासणी आणि साध्या गोळ्या सरकारी केंद्रात मिळतात. वडील उपासप्रार्थना करत असतील तर तेही तिथं सांगा. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलं की शुगर एकदम उतरू शकते: दरदरून घाम, हातपाय कापणं, बोलण्यात गडबड. माणूस शुद्धीवर असेल तर तेव्हा लगेच साखर-पाणी द्यायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता गाडी बोलवायची. आमच्या मंडळीत आता शुगरवाले उपासाऐवजी टीव्ही सोडतात. आई म्हणते हाच जास्त कठीण.

पायाबद्दल एक फरक लक्षात ठेवा. बाबा कुष्ठाचे पाय वीस मिनिटं भिजवायचे, शुगरवाल्याचा पाय तसा भिजवत ठेवायचा नाही, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. दगडानं घासायचंही नाही. कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी आधी दुसऱ्यानं कोपरानं पाहायचं, बेचक्या कोरड्या पुसायच्या, तेल तळव्याला लावायचं, बेचक्यांत नाही. वावरात, अंगणात, देवळात, कुठंच अनवाणी नाही. आमच्या पाळकांनी आईला चपला घालून आत बसायची मुभा दिली. सुरुवातीला दोघं-तिघं कुजबुजले, आता तिच्यासोबत चौघी तशा बसतात.

आणि वडिलांना समजवायचं कसं? वादानं नाही. त्यांना चूक ठरवलं की ते प्रचारकाच्या बाजूनं भांडतील, मी हे केलंय. पाय धुवायला घ्या. योहानाचा १३ वा अध्याय त्यांनी ऐकला असेलच, प्रभूनं टॉवेल कमरेला बांधून शिष्यांचे पाय धुतले. पोरगा पाय धुतोय म्हटल्यावर बाप ओरडत नाही. तेवढ्यात तुम्हाला तळवा पाहून घेता येतो.

आमच्याकडं आता रात्री ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी ताटात आली की आई गोळी काढून ताटाच्या कडेला ठेवते आणि मग डोळे मिटते. भाकरीसाठी आभार, गोळीसाठी आभार, ती बनवणाऱ्यासाठी, मग नातेवाइकांची यादी सुरू होते. माझं पोट कोकलत असतं. मी हळूच घास मोडला की तिला डोळे मिटलेले असूनही कळतं.

"थांब ना रे, आमेन होऊ दे."